चौदा रुपये येणे

मंगळवार बाजारात, गफूरभाईच्या गोणपाटावर
नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, पातं नसलेला पंखा,
आणि वाऱ्यानं गोणपाट उडू नये म्हणून कोपऱ्यावर
अकरा रेकॉर्डी.
दहा वाकलेल्या. सोलापूरच्या मे महिन्यात माणूस वाकतो,
तिथं प्लास्टिकचं काय.

अकरावी सरळ होती.
पाकिटावर पिवळ्या झग्यातली एक काळी बाई,
डोळे मिटलेले, तोंड उघडं,
आणि बरोबर गालावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ.
अक्षराला अक्षर लावून नाव वाचलं:
अर्नेस्टीन प्रुइट.

"गाण्याचे वीस, पुठ्ठ्याचे पाच."
"आणि पुठ्ठा नको असला तर?"
"तर पंचवीस."

मी शिलाई मशीनच्या मोटारी दुरुस्त करतो.
मोडक्या ग्रामोफोनला मशीनचा पट्टा चढवला
तर ती पुरुषासारखी जड, रेंगाळत गायला लागली.
पुलीला दोरा गुंडाळत गेलो.
सात वेढ्यांवर ती बाई झाली,
नवव्याला घाईत आली, जशी गाडी चुकणार आहे.
आठवर ठेवली.

मग खालून एक जाड तार चालत आली,
मागच्या खोलीत कुणी लोखंडी पेटी सरकवावी तशी.
वरातीतली असतात तीच पितळी वाद्यं,
पण कुणाला घोड्यावर बसवायला आलेली नाहीत,
आपल्याच भांडणाला आलीत.
ढोल जिथं पडायला पाहिजे तिथं पडत नाही,
ती जागा मोकळी सोडतो,
आणि त्या मोकळ्या जागेत आपली मान पडते.
दुकानात एकटाच होतो. तरी लाजलो.

तिच्याबद्दल शोधलं. काही नाही.
एके ठिकाणी फक्त नाव, तेही एक अक्षर कमी.
कुणी गाडलं नव्हतं तिला, कुणी उचललंच नव्हतं.

पाकिटाच्या मागे मात्र पेन्सिलीनं तेलुगू.
मला वाचता येत नाही.
अशोक चौकाच्या मागच्या बोळात बालमणी चिप्पा राहते,
तिच्याकडे घेऊन गेलो.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कात्री,
आणि बोटं आपल्याआप वळत असलेली.
लांब धरून तिनं वाचलं:

पेंटय्या, चौदा रुपये येणे.
सूत अडीच किलो, पोचलं.
सुईचे बारा, उधार.
मग जरा थांबली.
खाली बारीक अक्षरात, दुसऱ्या हाताचं असावं:
दुसरी बाजू रात्री लावू नये, पोरं झोपत नाहीत.

म्हणजे ऐकली होती कुणीतरी.
याच गावात, माग बंद झाल्यावर,
कानात खटखट अजून उरलेली असताना,
बायकोनं तक्रार लिहावी इतक्यांदा.

संध्याकाळी ग्रामोफोन पिशवीत घालून परत गेलो.
बालमणीनं पहिली बाजू मान न हलवता ऐकली.
मी विचारलं, कशी आहे?
"ही बाई मागाच्या घरची हाय."
"अहो, ती तिकडची. अमेरिकेची."
"असू दे की. शेजारी माग चालू असताना
नवऱ्याला जेवायला हाक मारायची म्हटलं
की आवाज असाच काढावा लागतो.
ओरडायचं नाही. आवाजाच्या मधून न्यायचं."

यावर मला काही बोलता आलं नाही.
तिनं वळलेल्या विड्या मोजल्या,
पंचविसाचं बंडल बांधलं, सोडलं, परत मोजलं.
सव्वीस.
चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, असं म्हणाली,
आणि ती जादाची विडी वेगळी ठेवली,
कारखान्यालाही नाही, मलाही नाही.

पेंटय्या कोण, चौदा रुपये फिटले का,
बोळात तीन पेंटय्या निघाले,
तिघांनीही आपण नाही म्हणून सांगितलं.

साडेदहा वाजता दुसरी बाजू लावली.
दुसऱ्याच ओळीला आतल्या खोलीत
नातू उठून बसला, पायानं कॉट बडवायला लागला.

"लिहिलं होतं की," बालमणी म्हणाली,
आणि आवाज कमी करायला
हात पुढे नाही केला.